मोटारीची बारनिशी

सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती बारनिशीच्या कारकुनाशी. कोणता कागद कोणत्या तारखेस आला, तो तातडीचा की सामान्य, कोणाच्या मेजाकडे गेला आणि त्याचा जबाब केव्हा निघाला, यांची नोंद जेथे चोख असते तेथे बेताच्या बुद्धीचा अंमलदारही कारभार निभावून नेतो. आणि जेथे ती नसते तेथे साहेब कितीही हुशार असला तरी निकाल हाती येईपर्यंत अर्जदाराची हयात सरते, हा अनुभव आपल्याकडे इतका सार्वत्रिक आहे की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. पुढचे वाहन अकस्मात थांबले असता स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या, किंवा आपला पट्टा सोडून गाडी कडेला जाऊ लागली असता स्टीअरिंग हलकेच सावरून घेणाऱ्या अलीकडच्या मोटारींच्या रचनेविषयी वाचू लागलो तेव्हा मला या कारकुनाची वारंवार आठवण झाली. या गाड्यांची वाखाणणी करताना लोक त्यांच्या रडारची आणि कॅमेऱ्याची तारीफ करतात, आणि ती गैर नाही. परंतु या डोळ्यांनी पाहिलेले ब्रेकपर्यंत पोचते कसे, वाटेत कोण कोणाला वाट देतो, आणि आलेली खबर ताजी की शिळी हे कोण ठरवतो, या प्रश्नांची उत्तरे ज्या पिळलेल्या तारांच्या जोडीत दडलेली आहेत ती जोडी मला डोळ्यांहूनही अधिक विस्मयकारक वाटते.

जुन्या फियाट किंवा ॲम्बॅसडर गाडीचे बॉनेट ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना स्मरत असेल की तीत प्रत्येक कामाला स्वतंत्र तार असे. भोंग्याची तार भोंग्याला जाई, दिव्याची दिव्याला, आणि रस्त्याच्या कडेला बाकडे मांडून बसलेला वायरिंगवाला तारेच्या रंगावरून आणि हातातल्या टेस्ट लॅम्पच्या प्रकाशावरून कोठे बिघडले आहे ते घटकाभरात सांगत असे. पुढे इंजिनात किती इंधन सोडावे हे ठरवणारा एक लहानसा संगणक आला. जोराने ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ नयेत म्हणून दुसरा आला, आणि बॉश कंपनीची ती योजना १९७८ साली मर्सिडीझच्या एस-क्लास गाडीत बसली. मग गिअरचा, दारांचा, हवेच्या उशांचा, असे खात्याखात्यांत एकेक करून हे छोटे अंमलदार तैनात होत गेले. मोटारीच्या धंद्यात त्यांना ईसीयू म्हणतात. खाती वाढली की त्यांचा आपसांतील पत्रव्यवहार वाढतो हा सनातन नियम येथेही लागू पडला, कारण चाकाचा वेग ब्रेकच्या संगणकाला जितका हवा तितकाच तो गिअरच्या संगणकालाही हवा असतो. आता दहा संगणकांना एकमेकांशी थेट जोडावयाचे म्हटले तर ४५ जोडण्या होतात, आणि चाळीसांना जोडावयाचे तर ७८०. म्हणजे मोटार ही प्रवासाचे साधन न राहता तांब्याची वखार होण्याची वेळ आली.

जर्मनीतील बॉश कंपनीत १९८३ च्या सुमारास या पेचावर विचार सुरू झाला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे वाहन-अभियंत्यांच्या परिषदेपुढे एक नवी पद्धत मांडण्यात आली, जिचे पूर्ण नाव 'कंट्रोलर एरिया नेटवर्क' असले तरी सारे जग तिला 'कॅन' या दोन अक्षरांनी ओळखते. पुढच्याच वर्षी इंटेलने आणि पाठोपाठ फिलिप्सने तिच्यासाठी चिप तयार केल्या, १९९१ सालच्या मर्सिडीझ एस-क्लासमध्ये ती रस्त्यावर आली, आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाची सनद मिळाली. कल्पना वरवर पाहता साधी होती: सर्वांनी मिळून एकच तार वापरावी, आणि जे सांगावयाचे ते दवंडीसारखे सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. निरोपावर पाठवणाऱ्याचे नाव नाही आणि घेणाऱ्याचेही नाही. असतो तो केवळ विषयाचा क्रमांक, 'हा चाकांचा वेग', 'हे इंजिनाचे तापमान', एवढाच. ज्याला गरज असेल त्याने तो ऐकावा, इतरांनी आपल्या कामात असावे.

पण गावात एकाच वेळी दोन महार-रामोशी दोन दवंड्या पिटू लागले तर कोणाचीच धड ऐकू येत नाही. आणि कॅनची खरी करामत आहे ती या गोंगाटाच्या बंदोबस्तात. तारेवर दोनच चिन्हे चालतात, शून्य आणि एक. आणि विद्युत-रचना अशी बेतलेली आहे की कोणी शून्य उच्चारले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने एक उच्चारले, तर तारेवर शून्यच ऐकू यावे. शून्य प्रबळ, एक नमते. प्रत्येक संगणक बोलताना स्वतःचे बोलणे ऐकतही असतो. समजा, दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडले, आणि पहिल्याच्या निरोपाचा क्रमांक ००१ ने तर दुसऱ्याचा ०१० ने सुरू होतो: पहिल्या शून्यावर दोघांचे एकमत आहे, म्हणून कोणालाच काही जाणवत नाही; दुसऱ्या अंकावर पहिला शून्य म्हणतो, दुसरा एक म्हणतो, तारेवर शून्यच उमटते, आणि आपण म्हटले एक आणि ऐकू आले शून्य, हे ध्यानात येताच दुसरा तेथल्या तेथे मुकाट्याने माघार घेऊन श्रोता बनतो. यात सौंदर्य असे आहे की पहिल्याला आपल्याशी कोणी स्पर्धा केली होती याचा पत्ताही लागत नाही; त्याचा निरोप मध्ये न तुटता, एकही अक्षर पुन्हा न बोलता, सरळ पुढे जातो. ज्या क्रमांकाच्या आरंभी शून्ये अधिक, तो अधिक तातडीचा. म्हणून ब्रेकच्या निरोपांना लहान क्रमांक द्यावेत आणि काचा खालीवर करणाऱ्यांना मोठे, हा मानपानाचा क्रम गाडी कारखान्यात बनतानाच कायम केलेला असतो. दिवाणखान्यातील बैठकीचे सारे रीतिरिवाज अकरा आकडी क्रमांकात बसवण्याची ही युक्ती ज्यांना सुचली त्यांना मानवी स्वभावाचेही ज्ञान असले पाहिजे असा मला संशय आहे.

सर्वांत तातडीच्या निरोपालाही एक विलंब मात्र चुकत नाही, आणि तो म्हणजे तारेवर आधीच कोणाचे बोलणे चालू असेल तर ते पुरे होऊ देण्याचा. सेकंदाला पाच लाख चिन्हे या नेहमीच्या वेगाने एक निरोप पुरा व्हावयास सुमारे पाव मिलिसेकंद लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात पाऊण सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. एवढी प्रतीक्षा कोणत्याही तातडीला परवडावी.

तारांच्या जोडीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. स्तब्धतेत दोन्हींवर अडीच व्होल्ट असतात, आणि प्रबळ शून्य उच्चारताना एक साडेतीनवर चढते व दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा फक्त त्यांतील अंतर मोजतो, त्यामुळे आल्टरनेटरचा किंवा स्पार्क प्लगचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढला तरी वजाबाकीत तो नाहीसा होतो. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, नाहीतर भिंतीवर आदळून परतणाऱ्या आवाजाप्रमाणे संकेत टोकावरून मागे फिरतो आणि पुढच्या चिन्हात मिसळतो. सेकंदाला दहा लाख चिन्हे या कमाल वेगाने ही तार सुमारे ४० मीटरांपलीकडे लांबवता येत नाही, कारण दूरच्या टोकावरचा 'शून्य' एक चिन्ह संपण्याच्या आत जवळच्या टोकाला ऐकू यावयास हवा, तरच माघारीचा तो शिष्टाचार पाळता येईल. या वेगात एका चिन्हाच्या वाट्याला एक मायक्रोसेकंद येतो. आणि गंमत अशी की गाडीच्या तोंडाशी बसलेल्या रडारची लहर दीडशे मीटरांवरील ट्रकवर आदळून परत यावयासही नेमका एक मायक्रोसेकंदच लागतो. म्हणजे जगाकडे पाहून येण्यास जो वेळ, तोच घरातल्या घरात एक अक्षर उच्चारण्यास!

ऐकणाऱ्यांपैकी कोणा एकाला जरी निरोप सुखरूप मिळाला तरी तो शेवटच्या राखीव जागी शून्य उच्चारून पोच देतो. निरोपात गणिती ताळाही जोडलेला असतो, आणि तो जमला नाही तर ऐकणारा तत्काळ हरकत घेतो. प्रत्येक संगणक स्वतःच्या चुकांचा हिशेब स्वतःच ठेवतो: पाठवताना चूक झाली की खात्यात आठ चढतात, निरोप सुखरूप गेला की एक उतरतो, आणि बेरीज २५५ च्या पुढे गेली की तो संगणक आपण होऊन तारेवरून दूर होतो, जेणेकरून आपल्या बिघाडाने सर्वांचे बोलणे बंद पडू नये. चुकांच्या नोंदवहीवरून आपला राजीनामा आपणच लिहून देणारा अंमलदार मनुष्यांच्या कचेरीत माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

आता नवे पाहुणे आले ते डोळे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पुढील वाहनाशी अंतर राखणारे रडार महागड्या जर्मन गाड्यांत दिसू लागले. आज बहुतेक रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर लांबीच्या लहरींवर चालतात. रडार हा मितभाषी प्रतिनिधी आहे. परतलेल्या लहरींचा सारा हिशेब तो आपल्याच डबीत करतो आणि तारेवर केवळ निष्कर्ष पाठवतो: 'समोर बेचाळीस मीटरांवर एक वस्तू, तुझ्याहून सेकंदाला तीन मीटर हळू.' अशा पंचवीस-तीस वस्तूंची यादी सेकंदातून पंधरा-वीस वेळा पाठवली तरी कॅनला ती झेपते. बंपरमधील ध्वनिसंवेदक तर याहूनही अल्पसंतुष्ट. पाच-सात मीटरांपलीकडचे त्यांना दिसत नाही, आणि त्यांचे बोलणे एका साध्या स्वस्त तारेवर भागते.

कॅमेऱ्याचे तसे नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्यास बारा बिट, आणि सेकंदाला तीस चित्रे, असा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ७४ कोटी ६५ लाख बिट होतात. कॅनच्या निरोपात एका वेळी आठ बाइटच मजकूर मावतो आणि वरचे वेष्टन जवळपास तेवढेच असते, हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर कॅमेऱ्याने एका सेकंदात पाहिलेले कॅनवरून पूर्ण वेगाने पाठवावयास साडेएकवीस मिनिटे लागतील. तोवर अपघात, पंचनामा आणि बघ्यांची पांगापांग, सर्व काही उरकलेले असेल. हा तिढा सोडवण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला असा, की कॅमेऱ्याच्या पाठीशीच एक समर्थ संगणक बसवावा आणि रडारप्रमाणे त्यानेही केवळ निष्कर्ष कळवावेत. १९९९ साली जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या मोबिलाय या कंपनीने एकच कॅमेरा आणि एकच चिप यांच्या बळावर हा मार्ग प्रशस्त केला. दुसरा असा, की कच्चे चित्र जसेच्या तसे गाडीतील मुख्य संगणकाकडे न्यावे. त्यासाठी टीव्हीच्या केबलसारखी एक बारीक समाक्ष तार असते, जी मोठ्या वेगाने चित्र एका दिशेने नेते, कॅमेऱ्यास द्यावयाचे हुकूम उलट दिशेने पोचवते, आणि त्याच तांब्यातून कॅमेऱ्याला वीजही पुरवते. पहिल्या मार्गात तार स्वस्त पण मूळ पुरावा नष्ट होतो, कारण खालच्या कारकुनाने जे बिनमहत्त्वाचे म्हणून गाळले ते वरच्या अंमलदाराला कधीच दिसत नाही; दुसऱ्यात पुरावा शाबूत राहतो, परंतु अंमलदारावर कागदांचा डोंगर कोसळतो, आणि त्याला वीजही भरपूर लागते. माझा कौल विचारल्यास तो दुसऱ्या मार्गाला आहे, पण तो गाडीची किंमत भरावी न लागणाऱ्याचा कौल आहे.

दोहोंच्या मधून इथरनेटही गाडीत शिरले. कचेरीतील संगणकांना जोडणाऱ्या इथरनेटला तारांच्या अनेक जोड्या लागत. एकाच अनावृत जोडीवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी सेकंदाला दहा कोटी बिट नेण्याची युक्ती ब्रॉडकॉम कंपनीने काढली, बीएमडब्ल्यूच्या २०१३ सालच्या एक्स-५ गाडीत सभोवारच्या कॅमेऱ्यांसाठी ती वापरली गेली, आणि २०१५ मध्ये तिचे मानक झाले.

येथवर प्रश्न होता कागद पोचवण्याचा. याहून सूक्ष्म प्रश्न आहे तारखेचा. पत्रावर दोन तारखा असतात, एक लिहिणाऱ्याने घातलेली आणि दुसरी बारनिशीच्या शिक्क्याची. आणि दुसरीलाच पहिली मानणारा अंमलदार हटकून फसतो. रडारची यादी बनावयास काही मिलिसेकंद लागतात, कॅमेऱ्याचे चित्र पारखावयास त्याहून अधिक, आणि तारेवर थांबावे लागते ते वेगळेच. त्यामुळे एकाच क्षणी हाती आलेले दोघांचे निरोप एकाच क्षणाचे असतीलच असे नाही. समजा, गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने एका वळणावरून जात आहे आणि तिचे तोंड सेकंदाला दहा अंशांनी फिरत आहे. दोन निरोपांत एक दशांश सेकंदाचा फरक पडला आणि तो कोणाच्या ध्यानी आला नाही, तर दिशेत एका अंशाची चूक होते. शंभर मीटरांवर ही एक अंशाची चूक पावणेदोन मीटरांची होते, म्हणजे साडेतीन मीटरांच्या पट्ट्याचा निम्मा भाग! शेजारच्या पट्ट्यातील ट्रक आपल्या पट्ट्यात आहे असे समजून गाडी विनाकारण ब्रेक लावील, किंवा आपल्याच पट्ट्यातील मोटारसायकल बाहेर आहे असे समजून लावणार नाही. रडारला एक वस्तू दिसते आणि कॅमेऱ्याला एक, पण ती एकच की दोन, हे ठरवण्याची सारी मदार या तारखेवर असते. म्हणून गाडीतील एक घड्याळ मुख्य मानून त्याची वेळ इतर सर्वांना कळवण्यात येते, निरोप वाटेत किती काळ होता तेही मोजून वजा करण्यात येते, आणि सर्व घड्याळे एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळवण्यात येतात. संवेदकाने पाहिल्याचा क्षण निरोपातच नमूद करावा लागतो, आणि मुख्य संगणक आपल्या गाडीच्या वेगाचा व वळणाचा जुना दाखला काढून प्रत्येक बातमी त्या त्या क्षणी नेऊन ठेवतो. तारखेनिशी कागद आला की थोडा उशीर चालतो, कारण उशिराचा हिशेब करता येतो. बिनतारखेचा कागद मात्र लवकर आला तरी निरुपयोगी.

ब्रेक लावण्याचा हुकूम निघाला तरी ब्रेकचा संगणक तो डोळे मिटून मानीत नाही. प्रत्येक निरोपात एक चढता अनुक्रमांक असतो. तो पुढे सरकला नाही तर पाठवणारा एकाच वाक्याची घोकंपट्टी करीत आहे असे समजून हुकूम नाकारला जातो, आणि ठरल्या मुदतीत निरोपच आला नाही तर साहाय्य बंद झाल्याचा दिवा चालकापुढे लागतो व गाडी पूर्ववत त्याच्या पायाच्या स्वाधीन होते. कोणत्या बिघाडाने किती इजा संभवते यावरून सावधगिरीचे चार दर्जे ठरवणारे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ साली आले, आणि ब्रेक व स्टीअरिंग यांच्याबाबत त्यातील वरचे दर्जे लागू होतात.

मात्र कॅनच्या मूळ सनदेत एक उणीव होती, आणि ती तिच्या भाबडेपणातून आली होती. निरोपावर पाठवणाऱ्याचे नाव नाही, म्हणजे तो खरा कोणाचा हे विचारण्याची सोयही नाही. एका बंद पेटीतील चार विश्वासू अंमलदारांमध्ये तिची गरज १९८६ साली कोणाला भासली नाही. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकन संशोधकांनी सेंट लुईसजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या एका जीप चेरोकीत, आपल्या घरी बसून, मोबाइलच्या जाळ्यातून तिच्या करमणूक-यंत्रणेत शिरकाव केला, तेथून कॅनच्या तारेवर खोटे निरोप घातले, आणि एक्सलरेटर दाबूनही गाडी पुढे जाईना असे करून दाखवले. त्यानंतर कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आपल्या मराठेशाहीतील कारभाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक होता. पत्राच्या शेवटी मोर्तब उठवीत ते याचसाठी, की मजकूर संपला ती जागा ठरावी आणि मागाहून कोणी त्यात चार ओळी घुसडू नयेत. आता कॅनच्या निरोपांनाही मजकूर आणि गुप्त किल्ली यांपासून गणिताने काढलेले असे मोर्तब जोडले जाऊ लागले आहे. जुन्या आठ बाइटांच्या चिठ्ठीत शिक्क्याला जागा उरत नसे; बॉशने २०१२ साली मांडलेल्या सुधारित कॅनमध्ये मजकूर ६४ बाइटांपर्यंत मावू लागला, तेव्हा ती अडचण बरीच सुसह्य झाली.

हा सारा कारभार आता परदेशापुरता राहिलेला नाही. चाकणच्या कारखान्यात बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही-७०० ही गाडी २०२१ पासून रडार आणि कॅमेरा घेऊन आपल्या रस्त्यांवर आली आहे, आणि तिच्यासारख्या इतरही आल्या. त्यामुळे रस्त्याच्या कडेच्या त्या वायरिंगवाल्याचे बाकडे गेले नाही, हत्यारे मात्र बदलली. स्टीअरिंगखालच्या खाचेत तो आता स्कॅनर लावतो आणि पडद्यावर 'यू०१२१' अशी अक्षरे उमटली की समजतो, ब्रेकच्या खात्याकडून निरोप येईनासा झाला आहे. बारनिशीत त्या खात्याची जावक नाही. मग स्कॅनर काढून तो गाडी बंद करतो आणि त्याच खाचेच्या सहाव्या व चौदाव्या पिनांवर मल्टिमीटर टेकवतो. दोन टोकांचे दोन रोधक शाबूत असतील तर काटा ६० ओहम दाखवील. तो १२० दाखवतो. कोणत्या तरी एका बाजूला तार तुटली आहे. मग चटईचा कोपरा उचलून तो पाठीवर पडतो आणि डॅशबोर्डखाली बॅटरीचा झोत फिरवू लागतो.